काळमेघ मॅडमनाच पाठवा

"आणखी एक," मी म्हटलं.

शैलानं चेंडू हलकेच वर उडवला आणि बॅटनं जमिनीलगत सणसणीत मारला. प्रणाली गावंडे दोन पावलं डावीकडे सरकली, वाकली. तडे गेलेल्या काळ्या मातीवर चेंडू ऐनवेळी वेडावाकडा उसळला, तरी तिनं तो छातीपाशी अलगद घेतला. पुढच्या क्षणी तो फर्स्ट बेसवरच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये होता. मी घड्याळ दाबलं आणि आकडा पाहून पुन्हा घड्याळाकडेच पाहिलं. एवढ्या लवकर मी कुणा मुलीला हे करताना बघितलं नव्हतं.

मार्च महिना, सकाळचे सात, दर्यापूरच्या कॉलेजचं मैदान. शैला पुंडकर, त्या कॉलेजची कोच, माझ्यापासून चार हातांवर उभी होती आणि अर्ध्या तासात स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती. तिथूनच माझा संशय सुरू झाला.

कारण कोच गप्प बसत नाहीत. त्या वर्षी एका कंपनीनं मुलींची व्यावसायिक बेसबॉल लीग काढली होती. चार संघ, दरमहा पगार, तीन वर्षांचा करार. विदर्भातल्या मुली पाहून अहवाल द्यायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी अमरावतीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका. तरुणपणी देशाकडून सॉफ्टबॉल खेळले होते आणि माझी जागाही शॉर्टस्टॉपचीच होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा. सगळ्यात जास्त चेंडू तिथं येतात आणि इनफिल्डमधली सगळ्यात लांब फेक तिथूनच करावी लागते. महिनाभरात मी नऊ गावं फिरले होते. प्रत्येक ठिकाणी कोच कानाशी लागून सांगायचे, मॅडम, अशी पोरगी बघितली नसेल तुम्ही. इथं खरोखरच अशी पोरगी समोर होती आणि कोच मुकी.

"किती वर्षं खेळते?" मी विचारलं.

"सहा."

"वय?"

"एकोणीस. दाखला फाइलमध्ये आहे."

"तुला कशी वाटते?"

शैलानं बॅट दुसऱ्या हातात घेतली. "तू आलीस ना बघायला. तूच बघ."

मी बघू लागले. आणि मला दिसलं की शैला एकूण एक चेंडू प्रणालीच्या डावीकडे मारत होती. डावीकडचा चेंडू घेतला की शॉर्टस्टॉप फर्स्ट बेसच्या जवळ येते, फेक आखूड होते. उजवीकडचा चेंडू तिला तिसऱ्या बेसकडे ओढून नेतो, तिथून फेक लांब आणि खांद्याच्या वरून करावी लागते.

"दे इकडं बॅट," मी म्हटलं.

शैलानं निमूट दिली. मी पहिलाच चेंडू उजवीकडे लांब मारला. प्रणाली धावली, उलट्या हातानं तो अडवला, पाय रोवले. इथवर सगळं चित्रासारखं. मग तिनं चेंडू कमरेपासून, तिरक्या हातानं फेकला. एक टप्पा घेऊन तो फर्स्ट बेसला पोचला.

"टप्पा कशाला टाकलास?"

"सवय आहे मॅडम."

"वरून फेक. दहा वेळा. तिकडं कुंपणापासून."

प्रणालीनं शैलाकडे पाहिलं. शैला मैदानाबाहेर सायकलवरून जाणाऱ्या कुणाकडे तरी पाहत होती. "आज सराव खूप झाला तिचा," ती म्हणाली. "उद्या अकोल्याच्या संघाशी सामना आहे. त्यात काय ते बघ."

लीगच्या अहवालात पाच रकाने होते: हात, पाय, फटका, फेक, समज. पहिल्या दिवशी मी फेकीचा रकाना कोरा ठेवला.

दुपारी मी एकटीच प्रणालीच्या वडिलांना भेटायला गेले. बस स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. गावंडे एका पंपाचा वॉशर बदलत बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी घाईघाईनं हात पुसले आणि स्वतःचं स्टूल मला दिलं.

"कशी वाटली जी आमची पोरगी?"

"चांगली आहे. गेल्या वर्षभरात काही दुखणंबिखणं?"

"नाही बा. अजून डोकंही दुखलं नाही तिचं. खेळाचं पुंडकर मॅडमले इचारा, मले त्यातलं समजत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवी दिसत नव्हती. भिंतीवर प्रणालीचा एक फोटो होता, हातात चषक, आणि जाड वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली. मैदानावरच्या प्रणालीचे केस मानेपर्यंत कापलेले होते.

"वेणी छान होती," मी म्हटलं.

"ते काय इचारता! कमरेपर्यंत होती. जानेवारीत गेली अन् कापून आली. म्हणे खेळताना अडचण होते. सहा वर्षं नाही झाली अडचण! तिची माय दोन दिवस जेवली नाही."

मी चहा न घेता उठले. वेणी घालायची तर दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात. ज्या मुलीचा उजवा हात डोक्यामागे जात नाही, ती केस कापते आणि घरी अडचणीचं कारण सांगते. बापाला ठाऊक नव्हतं. शैलाला मात्र ठाऊक असणारच. रोज सकाळी डोळ्यांसमोर खेळणाऱ्या मुलीचा खांदा कोचला कळत नाही, हे मला कुणी पटवून दिलं नसतं.

संध्याकाळी लॉजवरून मी लीगच्या राजाध्यक्षांना फोन केला. खेळाडूंची निवड त्यांच्या हातात होती.

"खांद्याचा संशय आहे," मी म्हटलं. "करारापूर्वी तुम्ही डॉक्टरी तपासणी करणार ना?"

"वजन, उंची, रक्त, बस. वेळ कुठाय बाई? बाकी सगळं तुमच्या अहवालावर. संशय असेल तर काट मारून टाका." मग हसून म्हणाले, "पण त्या कोचचा तुमच्यावर भारीच विश्वास दिसतो. खरं तर दर्यापूर मी दुसऱ्याला दिलं होतं. त्यांनी दोन पत्रं पाठवली, काळमेघ मॅडमनाच पाठवा म्हणून."

फोन ठेवून मी खाटेवर बसले. बावीस वर्षं शैला माझ्याशी बोलली नव्हती. लग्नाला बोलावलं नाही, स्पर्धांमध्ये समोर आली की दुसऱ्या दारानं जायची. आणि तिनं दोनदा लिहून मलाच मागवलं होतं. कशासाठी? मला एकच उत्तर दिसत होतं. मी या मुलीची शिफारस करायची, मुलगी पहिल्याच महिन्यात खांदा धरून खाली बसायची, आणि ज्योत्स्ना काळमेघला साधा फाटका खांदा दिसला नाही, हे सगळ्या महाराष्ट्रानं बघायचं. माझ्यावर असा डाव टाकायला शैलाकडं कारण होतं.

दुसऱ्या दिवशी सामन्यात मी मुद्दाम तिसऱ्या बेसजवळ, सावली सोडून उन्हात उभी राहिले. प्रणालीकडे पाच चेंडू आले, पाचही तिनं टिपले. तिची समज तर विलक्षण होती. पिचरचा हात सुटण्याआधी ती फलंदाजाच्या पायांकडे बघून अर्धं पाऊल सरकायची, आणि चेंडू बहुतेक वेळा तिथंच यायचा. अकोल्याच्या मुली वैतागून गेल्या होत्या.

सहाव्या डावात चेंडू माझ्याच दिशेनं, उजवीकडे खोल आला. प्रणालीनं झेप घेऊन तो अडवला. पळणारी मुलगी वेगवान होती. टप्पा टाकायला वेळ नव्हता. प्रणालीनं हात खांद्याच्या वर नेला आणि फेकला. चेंडू दोरीसारखा सरळ गेला. बाद! सगळं मैदान ओरडलं. मी तेवढी चेंडूकडे पाहत नव्हते. प्रणाली माझ्याकडे पाठ करून उभी होती, उजवा हात लोंबत सोडलेला, आणि डाव्या हातानं तिनं स्वतःचा सदरा मुठीत धरला होता.

सामना संपल्यावर मी तिला साहित्याच्या खोलीत गाठलं. ती हेल्मेटं गोणीत भरत होती, डाव्या हातानं.

"वेणी घालतेस तसे दोन्ही हात मागे घे," मी म्हटलं.

तिनं गोणी खाली ठेवली. मग तिनं हात उचलले. डावा मागं गेला. उजवा कानापर्यंत येऊन थांबला. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"डॉक्टर?"

"पुंडकर मॅडमबरोबर अकोल्याला गेले होते. एमआरआय काढला. आत फाटलं आहे म्हणाले. सहा महिने फेकायचंच नाही, नाहीतर कायमचं जाईल." ती भराभर बोलू लागली. "मॅडम, सहा महिन्यांनी तुमची निवड संपलेली असेल. एकदा करार होऊ द्या, मग मी तिथं हळूहळू बरी होते. घरी माहीत नाही. पुंडकर मॅडम म्हणत होत्या, यंदा राहू दे. मी पाया पडले त्यांच्या. कुणालाच सांगणार नाही असा शब्द घेतला. त्यांनी दिला. तुम्हीपण नका ना लिहू. तुम्ही शॉर्टस्टॉप होता ना मॅडम? तुम्हाला तर समजतं."

मला समजत होतं. तिला वाटत होतं त्याहून जास्त.

बावीस वर्षांपूर्वी पुण्याच्या शिबिरात शॉर्टस्टॉपच्या एका जागेसाठी दोघीच उरलो होतो, मी आणि शैला. एका ताटात जेवायचो आम्ही. ती माझ्यापेक्षा सरस होती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, बहुधा सरांनाही. शेवटच्या चाचणीच्या आदल्या दिवशी मला दिसलं की शैला जिना उतरताना कठडा धरते. चाचणीच्या सकाळी निवड समितीचे सर नाश्त्याच्या रांगेत माझ्यामागं उभे होते. सहज म्हणाले, "काय, तुमची जोडी तयार?" आणि मी म्हटलं, "मी तयार आहे सर. शैलाचा गुडघा सुजलाय. ती सांगणार नाही, पण सुजलाय."

त्यांनी तिला मैदानावर उतरूच दिलं नाही. पट्ट्या सोडून गुडघा बघितला आणि दुपारच्या गाडीनं घरी पाठवली. मी परदेशात जाऊन खेळून आले, माझी नोकरीही त्याच खेळावर लागली. मी खोटं बोलले नव्हते. बावीस वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले होते.

प्रणालीला तिथंच सोडून मी बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसून अहवाल काढला. हात, नऊ. पाय, नऊ. समज, दहा. फटका, सात. मग फेकीच्या रकान्यात मी आठ लिहिले. लिहून बरं वाटलं. शैलाचा डाव असेल तर असो. एकदा तोंड उघडलं होतं, आता एकदा मिटलं की फिटंफाट. माझं नाव खराब होईल ते होईल.

मैदानावर मुली बेसच्या गाद्या उचलत होत्या. कुणीतरी हसत हसत एक चेंडू प्रणालीकडे उंच उडवला. थट्टाच होती. तिनं सवयीनं उजवा हात वर केला आणि मध्येच वाकली, पोटात कळ यावी तशी. चेंडू तिच्या पाठीमागं पडला. ती लगेच सरळ झाली, हसली, आणि पाठमोरी होऊन बुटाची नाडी बांधल्यासारखं करत राहिली. पुष्कळ वेळ.

मी आठाच्या आकड्यावर काट मारली. मग पानभर लिहिलं आणि ते घेऊन शैलाकडे गेले. ती कॅचरमागच्या जाळीपाशी, झाडाखाली, ग्लोव्ह मोजत उभी होती.

"मी खांद्याचं लिहिणार आहे," मी म्हटलं. "या वेळी आधी तुला सांगते."

शैलानं हात पुढं केला. मी कागद दिला. तिनं पहिल्या ओळीपासून सावकाश वाचला.

"सेकंड बेस?" तिनं विचारलं.

"तिथून फेक निम्मी होते. पाय आणि डोकं तिचंच राहील. पण आधी सहा महिने चेंडूला हात लावायचा नाही, मग चार महिने व्यायाम. पुढच्या वर्षासाठी जागा राखून ठेवा, असं लिहिलंय."

"ठेवतील?"

"नाही ठेवणार बहुतेक."

मी तिच्या रागाची वाट पाहत होते. बावीस वर्षांचा साठलेला असणार, आता येईल. शैलानं कागदाची घडी केली, मला परत दिली. "खाली तारीख राहिली आहे," एवढंच म्हणाली.

प्रणालीला मी स्वतः सांगितलं. तिच्या वडिलांनाही, दुकानात जाऊन. गावंडे हातातला पाना खाली ठेवायचंही विसरले. "खांदा?" ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "अन् मले काऊन नाही सांगतलं?" प्रणाली आतल्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्यात शिवी होती. मी निघाले तेव्हा ती घरात निघून गेली.

राजाध्यक्षांनी माझ्या पानभर मजकुरातली खांद्याची ओळ वाचली आणि नाव काढून टाकलं. वर मलाच विचारलं, फाटक्या खांद्याच्या मुलीला जागा राखून ठेवा म्हणता, तुमची कोणी लागते का? दुसऱ्या वर्षी त्यांनी मला काम दिलं नाही. चार दिवसांनी प्रणालीचा एक संदेश आला, "तुमच्यामुळे माझं सगळं संपलं." मी तो पुसला नाही.

पुढचं मला इकडून तिकडून कळत गेलं. बापानं तिचा ग्लोव्ह दुकानातल्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता म्हणे, सहा महिने. पुढच्या वर्षी ती खुल्या चाचणीला गेली, सेकंड बेसला उभी राहिली, आणि नागपूरच्या संघानं तिला घेतलं. दीड हंगाम ती पगार घेऊन बेसबॉल खेळली. मग लीगच बंद पडली. त्यात तिचा किंवा तिच्या खांद्याचा काही दोष नव्हता.

चार वर्षांनी जळगावला राज्य स्पर्धा होती. मी शाळेच्या मुली घेऊन गेले होते. वरच्या गटाच्या सामन्यात प्रणाली सेकंड बेसला खेळत होती. मी पायरीवर बसून बघत असताना शेजारी कुणीतरी एक पाय लांब करून, सावकाश बसलं. शैला होती. तिनं पिशवीतून फुटाणे काढले आणि माझ्यासमोर धरले.

आम्ही तीन डाव बघितले. चौथ्यात प्रणालीनं एक चेंडू पडता पडता टिपला आणि बसल्या बसल्या फेकून मुलीला बाद केलं.

"एक विचारू?" मी म्हटलं. "राजाध्यक्षांना पत्रं तू लिहिली होतीस. दोन."

"हो."

"मला तेव्हा वाटलं होतं, तू मला गोत्यात आणायला बोलावलंस. मी त्या पोरीची शिफारस करावी अन् तोंडघशी पडावं म्हणून."

शैला चक्क हसली. दोघीच आहोत असं पाहून ती आमच्या जुन्या बोलीवर आली. "तुले काय वाटलं, बावीस वर्षं तेच एक काम होतं मले?"

"मग कशाला?"

तिनं मैदानावरची नजर काढली नाही. "पोरीनं पाय धरले अन् शब्द घेतला. देऊन बसली मी. मग रोज तिले पाहू अन् झोप नाही. दुसरा कोणी आला असता त त्याले खांदा दिसलाच नसता. तिचा खेळच असा हाये. उचलून घेऊन गेला असता तिले, अन् वर्षाच्या आत हात गेला असता. मले तोंड उघडता येत नव्हतं. मंग म्या इचार केला, असं कोण हाये, ज्याले न सांगता दिसन? अन् दिसल्यावर जो चूप बसणार नाही?" तिनं एक फुटाणा तोंडात टाकला. "डावीकडे चेंडू मारत होती मी, ते कायले? तुले दिसावं म्हणून. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही आलं नसतं."

त्या दिवशी मी आठ लिहून बसले होते, हे तिला सांगावं की नाही, ते सुचेना. शेवटी सांगितलं. ती वळून माझ्याकडे बघतच राहिली.

"आठ?" ती म्हणाली. "माय वं. तू त सारा घोळच केला असता."

समोर डाव संपला. मुली धावत बाहेर येत होत्या. प्रणालीनं आम्हा दोघींना एकत्र बसलेलं पाहिलं, क्षणभर थबकली, मग कोचना करतात तसा, मान हलवून नमस्कार केला. दोघींना मिळून एकच.

"शैला," मी म्हटलं, "म्हणजे ते जुनं... तू मला माफ केलंस?"

"नाही," शैला म्हणाली आणि फुटाण्यांची पुडी माझ्या हातात दिली. "कामाले बोलावलं होतं."